किटलीचा रोग

“हलायचं नाही! अजिबात नाही! रोग घाबरलाय, निघायच्या बेतात आहे. तुम्ही हललात की तो पुन्हा आत घुसणार!”

शीतलगुरूंचा आवाज ध्वनिवर्धकातून घुमला आणि खुर्चीत बसलेल्या आजीबाईंनी श्वाससुद्धा जपून घ्यायला सुरुवात केली. त्यांच्या मागे भिंतभर पडदा होता. पडद्यावर त्याच आजीबाई बसल्या होत्या, पण नुसत्या रंगांच्या. चेहरा नारिंगी, हात पिवळे, कपडे हिरवट आणि उजवा गुडघा लालभडक. आजीबाई त्या गुडघ्यासाठीच आल्या होत्या.

एके काळी हे फर्निचरचं दुकान होतं. आता सोफ्यांच्या जागी माणसं होती, दाराशी माणसं होती, बाहेरच्या काचेला नाक लावून उभी राहिलेलीही माणसं होती. वातानुकूलन यंत्र घरघरत होतं, कुठून तरी बासरी वाजत होती, आणि सगळ्यांचे डोळे त्या लाल गुडघ्यावर खिळले होते. लाल रंग विटायला लागला. नारिंगी झाला. मग पिवळा. मग आसपासच्या रंगात मिसळून नाहीसाच झाला. हळूहळू चेहरा, हात, कपडेही फिके पडले आणि पडद्यावर आजीबाईंची फक्त एक थरथरती रेघ उरली.

“रोग गेला, ताप गेला, क्लेश गेला!” गुरू म्हणाले. “उरलं काय? तेजोवलय! आता उठा, आजी. सावकाश. आणि मंडळी, खुर्चीकडे नका बघू, पडद्याकडे बघा!”

आजीबाई उठल्या. खुर्ची रिकामी झाली. पडद्यावरची मात्र रिकामी झाली नाही. तिथे एक काळंकुट्ट माणूस बसलं होतं. खांदे, डोकं, मांडीवर ठेवलेले हात, सगळं हुबेहूब.

कोणीतरी किंचाळलं. पुढच्या रांगेतल्या बाईंनी तोंडावर पदर ओढला.

“हा बघा! बाहेर पडला! खुर्चीत बसलाय लेकाचा!” गुरूंनी दोन्ही हात हवेत फिरवले. काळी आकृती विरघळत गेली आणि टाळ्यांनी छत दणाणलं. आजीबाई आनंदाच्या भरात चार पावलं चालल्या. गुडघा दुखलाच, पण टाळ्या वाजत असताना कण्हायचं कसं, म्हणून त्या हसत राहिल्या.

गुरूंच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. “यंत्र कोणाचं? शास्त्रज्ञांचं! बघतं काय? इन्फ्रारेड! इन्फ्रा म्हणजे काय? अंतरातलं! शब्दच सांगतोय, मंडळी! शास्त्रज्ञांनी अंतरातलं बघायचं यंत्र केलं, पण अंतरातलं काढायचं कोणाला जमलं?”

“गुरूंना!” सभागृहाने उत्तर दिलं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. इन्फ्रा म्हणजे खालचा. तांबड्याच्या खालचा प्रकाश, डोळ्यांना न दिसणारा, ऊब असलेल्या प्रत्येक वस्तूतून निघणारा. चूलही तो सोडते आणि म्हैसही सोडते. धाकटीचा उभा दिवस या प्रकाशाबरोबर जायचा. धुक्यातून आणि अंधारातून जाणाऱ्या मालमोटारींसाठी उष्णता बघणारे कॅमेरे बनवणाऱ्या एका कारखान्यात ती काम करत होती. कॅमेऱ्यातून येणारा कच्चा, खरखरीत संकेत धुऊनपुसून चालकाला रस्ता आणि रस्त्यावरचं माणूस दाखवायचं, हे तिचं काम. घरात ती धाकटी, म्हणून पस्तिशी ओलांडली तरी सगळ्यांची धाकटीच.

ती चवताळून उठणार तेवढ्यात शेजारून ताईने तिचा हात दाबला.

“बघितलंस?” ताई कुजबुजली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “अस्संच माझंही झालं. दोन्ही वेळा.”

धाकटी बसली. कारण ताईच्या डोळ्यांतलं ते पाणी आनंदाचं होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

ताईच्या डाव्या स्तनात गाठ होती. सुई घालून तपासणी झाली होती आणि अहवाल वाईट होता. सर्जनबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “गाठ लहान आहे. आत्ता काढली तर पुढे आपण पुष्कळ काही करू शकतो. तुम्ही थांबाल, पण ती थांबणार नाही.” शुक्रवारी सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती. आणि गेल्या आठवड्यात ताईने रुग्णालयात फोन करून सांगितलं होतं की मी येईन असं नक्की समजू नका. गुरुवारी तिची गुरूंकडची तिसरी आणि शेवटची बैठक होती. तिच्यानंतर शस्त्रक्रियेची गरजच उरणार नाही, असं गुरू म्हणाले होते.

त्या संध्याकाळी ताईच्या स्वयंपाकघरात दोघी बहिणींची जुंपली. भाऊजी ओट्याशी पाठ लावून उभे होते. ते ताईच्या बाजूने होते की धाकटीच्या, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. ऑपरेशन म्हटलं की ते घाबरायचे आणि गुरू म्हटलं की जरा कमी घाबरायचे, एवढंच त्यांना कळत होतं.

“थंड पाणी लावलं तरी लाल रंग जातो, ताई.”

“कोणी लावलं पाणी? मी बसले होते की! मला बोटसुद्धा लावलं नाही त्यांनी.”

“मग आधी काढलेली चित्रफीत लावत असतील.”

“माझीच? मी जांभई दिली तर पडद्यावरची मी जांभई देत होते.” ताई कणीक तिंबता तिंबता थांबली. “आणि हे बघ, यंत्र तुझंच आहे ना? तूच सांगत होतीस, माणसाचा डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. आता मला बरं दाखवतोय तर लगेच फसवा झाला होय?”

रागावून धाकटी दुसऱ्या दिशेने घुसली. “तू साधं अस्तराचं कापड मोबाइलवर बघून घेत नाहीस. थेट दुकानात जाऊन चिमटीत धरून बघतेस. मग हे कसं नुसतं पडद्यावर बघून घेतलंस? चाचपून बघितलीस का गाठ? लहान झाली का?”

ताईचं शाळांचे गणवेश शिवायचं दुकान होतं आणि कापड हाताला लागल्याशिवाय ती त्याच्यावर विश्वास ठेवत नसे, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. पण आता तिने नजर चुकवली.

“हात लावायचा नाही,” ती हळूच म्हणाली. “गुरूंनी सांगितलंय. हात लावला की रोगाला परत यायला वाट मिळते. तीन बैठका होईपर्यंत आपणही नाही आणि डॉक्टरनेही नाही.”

आतापर्यंत धाकटीला तो माणूस थापाड्या वाटत होता. या एका वाक्यानंतर तो तिला दुष्ट वाटला. बघायला पडदा दिला आणि खात्री करून घ्यायला असलेला हात काढून घेतला, म्हणजे सगळं कसं बिनबोभाट.

“ताई, तू मरशील गं,” तिच्या तोंडून निघून गेलं.

“ऑपरेशननं आपली मावशी गेली, त्याचं काय?” ताई एकदम फिरून म्हणाली. “टेबलावर गेली. परत आलीच नाही. मला भीती वाटते, कळतं का तुला? तिथे माझ्याशी कोणी प्रेमाने बोलत नाही. इथे मला माझ्या डोळ्यांसमोर बरं होताना दिसतं.”

धाकटी घरी गेली ती एकच गोष्ट घोकत. खुर्चीतली ती आकृती. माणूस उठून गेल्यावर खुर्चीत ऊब राहते, तिचा ठसा पडद्यावर दिसतो, हे तर कारखान्यात नव्याने आलेल्यालाही ठाऊक असतं. पण ऊब राहिली तर ठसा उजळ दिसायला हवा. हा काळा का? आजूबाजूच्या खुर्चीपेक्षाही थंड? माणूस बसल्याने खुर्ची थंड होते, असं जगात कुठे झालंय?

उत्तर मिळालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तेही ठोकळ्यामुळे.

ठोकळा तिच्या शेजारच्या टेबलावर काम करायचा. एकदा बसला की जेवायच्या सुट्टीपर्यंत हलायचा नाही, म्हणून हे नाव. त्या सकाळी त्याने मोटारीवरचा एक कॅमेरा चाचणीसाठी टेबलावरच्या स्टँडला लावला होता आणि चहाचा मग नेमका कॅमेऱ्यासमोर ठेवून तो काम करत बसला होता. धाकटीने सहज त्याच्या पडद्याकडे बघितलं. टेबल होतं. चहाचा मग नव्हता. तिने टेबलाकडे बघितलं. मग होता, त्यातून वाफा निघत होत्या.

“अरे, तुझा चहा गायब आहे,” ती म्हणाली.

“हात तिच्या! पुन्हा सुधारणी चालूच राहिली.” ठोकळ्याने जीभ चावली आणि तो मग उचलला. पडद्यावर, जिथून मग उचलला तिथे, एक काळाकुट्ट मग उभा राहिला. कानासकट.

धाकटी एवढ्या मोठ्याने हसली की पलीकडच्या खोलीतून साहेब डोकावले.

ही चूक फक्त त्यांच्यासारख्यांच्याच हातून व्हायची आणि आठवड्यातून एकदा व्हायचीच. उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्यात हजारो बारीक ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका स्वभावाने वेगळा. एक उगाच जास्त गरम सांगतो, दुसरा कमी. तसंच चित्र काढलं तर मळक्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं. म्हणून आत एक हिशेब सतत चालू असतो, त्याला कारखान्यात सगळे सुधारणी म्हणत. तिचा विचार साधा आहे. मोटार धावतेय, समोरचं दृश्य क्षणाक्षणाला बदलतंय. त्यात जे बदलतच नाही, जागचं हलतच नाही, ते बाहेरचं असूच शकत नाही. तो ठिपक्याचा दोष. पुसून टाका. धावत्या मोटारीवर हा हिशेब सोन्यासारखा चालतो. पण तोच कॅमेरा स्टँडवर बांधला आणि सुधारणी बंद करायला विसरलात, की समोरची स्थिर वस्तूच तिला दोष वाटते. ती वस्तू पुसत जाते. मग वस्तू उचलली, तरी तिची वजाबाकी काही वेळ चालूच राहते. मग उरते वजा वस्तू. काळी.

“हलायचं नाही,” धाकटी स्वतःशीच म्हणाली. “पापणीसुद्धा नाही. वा रे गुरू!”

आता तिला सगळं धडाधड आठवलं. सभागृहातल्या कॅमेऱ्याच्या पोटाला मोटारीच्या बंपरवर बसवायचा लोखंडी पट्टा तसाच होता. आजीबाईंची थरथरती रेघ म्हणजे तेजोवलय नव्हतं, श्वासाने हलणारी कड होती. जे हलेल तेवढंच पुसलं जात नाही. आणि गुरू? गुरू एका जागी उभे राहतच नसत. सारखे डुलत, हात फिरवत, येरझारा घालत. म्हणून पडद्यावर ते कायम झगझगीत. “गुरूंचं तेज बघा, कधी उणावत नाही,” असं त्यांचा सेवक प्रत्येक बैठकीत सांगायचा आणि माणसं हात जोडायची.

तिने ताईला लगेच फोन लावला आणि ठिपके, हिशेब, वजाबाकी असं सगळं एका दमात सांगितलं.

“तू हुशारच आहेस गं,” ताई म्हणाली. “पण मी उद्या जाणार.”

“जा. मीही येते,” धाकटी म्हणाली. फोन ठेवून ती कारखान्याच्या चहाच्या खोलीत गेली. तिथे स्टीलची नवी किटली होती आणि एनॅमलची एक जुनी, निळी, टवके उडालेली. चकचकीत स्टीलमधून उष्णतेचे किरण नीट बाहेर पडत नाहीत. उकळती असली तरी ती पडद्यावर थंडगार दिसते. एनॅमल मात्र सगळं ओकून टाकतं. तिने निळी किटली उचलली.

गुरुवारी दुपारी सभागृह नेहमीसारखं भरलं होतं. पहिल्या रांगेत परवाच्या गुडघेवाल्या आजीबाई होत्या, काठी घेऊन. परवा काठी नव्हती. भाऊजी भिंतीशी उभे होते. ताईचं नाव पुकारलं गेलं आणि ती उठली.

“आजची ही शेवटची बैठक!” गुरू डुलत म्हणाले. “डॉक्टर काय म्हणाले यांना? कापा! काढा! शिवा! अहो, माणूस आहे की उशीचा अभ्रा?”

लोक हसले. ताईही हसली आणि खुर्चीकडे निघाली.

“गुरुजी!” धाकटी उभी राहिली. तिचा आवाज तिलाच मोठा वाटला. “हिच्या आधी माझा एक रुग्ण घ्या. फार तापलाय.”

“कुठे आहे?”

तिने पिशवीतून किटली काढली आणि थर्मासमधलं उकळतं पाणी तिच्यात ओतलं. तोटीतून वाफ निघाली. सभागृहात आधी खुसखुस पिकली, मग चिडचिड. “काय चेष्टा चाललीय?” “बाहेर काढा हिला!” सेवक तिच्याकडे निघाला.

“चेष्टा कसली?” धाकटी ओरडली. “तुम्हीच म्हणता ना, यंत्राला उष्णता दिसते, उष्णता म्हणजे रोग आणि गुरुजी तो काढतात? मग एवढीशी किटली थंड करून दाखवा! माझ्या बहिणीच्या जिवापेक्षा अवघड काम आहे का हे?”

“श्रद्धा नसलेल्यांना इथे जागा नाही,” गुरू थंडपणे म्हणाले आणि सेवकाने तिचं मनगट धरलं.

“हात सोड तिचा.”

आवाज ताईचा होता. खुर्चीपर्यंत पोचलेली ताई मागे वळली होती. दुकानात माप चुकवलेल्या कारागिराशी बोलताना तिचा लागायचा तसा आवाज लागला होता.

“पाळी माझी आहे ना? मग माझ्या पाळीत मी कोणालाही बसवीन. ठेव गं किटली. होऊन जाऊ दे एकदाचं. गुरुजी करून दाखवतील आणि तू आयुष्यभर गप्प बसशील. कबूल?”

“कबूल,” धाकटी म्हणाली.

गुरूंनी सभागृहाकडे बघितलं. लोकांनाही आता बघायचं होतं. नाही म्हणावं तर पंचाईत. आणि आत्तापर्यंत खुर्चीत बसलेलं काय पुसलं गेलं नव्हतं? गुरूंच्या ओठांवर हसू आलं.

“ठेवा!” त्यांनी हात पसरले. “गुरुकृपेला सजीव काय आणि निर्जीव काय!”

किटली खुर्चीत बसली. पडद्यावर ती लालेलाल पेटली, आणि तिच्या तुलनेत बाकी सगळं निळं पडलं. बासरी वाजायला लागली. गुरू डुलू लागले. कोणी खोकलंही नाही. किटलीचा लाल रंग विटला. नारिंगी. पिवळा. तोटी नाहीशी झाली, मग झाकण, मग पोट. वरती वाफेची एक लवलवती रेघ तेवढी उरली.

“बघा!” गुरू गरजले. “किटलीसुद्धा शांत झाली! अविश्वासाची किटली होती, तीही निवली!”

सभागृह असं काही दणाणलं की धाकटी चरकली. आपण त्याला हरवायला आलो आणि त्याच्याच पदरात नवा चमत्कार टाकला की काय? आजीबाई काठी आपटून टाळ्या वाजवत होत्या. भाऊजींनी डोळे पुसले. ताई धाकटीकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत विजय नव्हता, सुटकेचा भाव होता. तो बघून धाकटीला तिची दया आली.

“निवली ना?” टाळ्या थांबायची वाट न बघता ती ओरडली. “खात्रीने निवली? मग गुरुजी, लावा हात! बोट नको, चांगला तळवा टेकवा!”

टाळ्या विस्कळीत झाल्या. गुरूंचं डुलणं क्षणभर थांबलं.

“परीक्षा घेणाऱ्यांना...”

“परीक्षा कसली? थंड वस्तूला हात लावायला काय जातं? सेवकदादा, तुम्ही लावता?”

सेवकाने हात पाठीमागे घेतले. ते लहान मुलासारखं घाबरून हात लपवणं पुढच्या दोन-तीन रांगांनी बघितलं आणि कोणीतरी फिसकन हसलं.

“कोणी हात लावायचा नाही!” गुरू एकदम म्हणाले. “हात लावला की रोगाला परत यायला वाट मिळते!”

हे वाक्य ताईच्या ओळखीचं होतं. ती खुर्चीपाशीच उभी होती. तिने पडद्याकडे बघितलं. तिथे किटली नव्हती. तिने खुर्चीकडे बघितलं. तिथे निळी, टवके उडालेली किटली होती, तोटीतून वाफ येत होती. आयुष्यभर कापड चिमटीत धरून पारखलेली ती बाई. तिने हात पुढे केला आणि दोन बोटं किटलीच्या पोटाला टेकवली.

“आई गं!”

ताईने हात झटकला. बोटं लालबुंद झाली होती.

“ताई!” धाकटी धावली, पण ताईने तिला डाव्या हाताने थोपवलं. ती भाजलेल्या बोटांकडे बघत होती. मग पडद्याकडे. मग, सगळ्यांसमोर, भीडभाड न ठेवता, तिने तोच भाजलेला हात छातीच्या डाव्या बाजूला नेला आणि चाचपलं. गेले कित्येक दिवस तिने तिथे हात लावला नव्हता.

“आहे,” ती म्हणाली. “तिथेच आहे. तेवढीच आहे.”

मग तिचा चेहरा बदलला. भीती होतीच, पण भीतीच्या वरती संताप चढला. “तुम्ही मला हात लावू दिला नाही,” ती गुरूंना म्हणाली. “माझ्याच अंगाला मला हात लावू दिला नाही. का? मला कळेल म्हणून ना?”

गुरूंनी सेवकाला खूण केली, पडदा बंद कर. पण भाऊजी भिंतीपासून हलले होते. आयुष्यात पहिल्यांदाच कोणाच्या तरी आड येत ते पडद्याच्या बटणांसमोर उभे राहिले. “राहू दे चालू,” ते म्हणाले. “बघू दे सगळ्यांना.”

धाकटीने रुमालात धरून किटली उचलली. पडद्यावरच्या खुर्चीत एक काळीकुट्ट किटली प्रकट झाली, तोटी आणि मुठीसकट.

“हा किटलीचा रोग बरं का, मंडळी!” ती म्हणाली. “बाहेर पडून खुर्चीत बसलाय लेकाचा!”

मागून हशा फुटला आणि पुढे सरकत सगळ्या सभागृहात पसरला. तिने हसू ओसरू दिलं आणि मग किटली उंच धरून बोलायला लागली.

“भाजीवाल्याचा काटा सगळ्यांनी बघितलाय. पातेलं ठेवतो आणि बटण दाबून काटा शून्यावर आणतो. पातेल्याचं वजन गेलं का? नाही. काट्याने ते मोजणं सोडलं. आता पातेलं उचला, काटा काय दाखवतो? वजा! हा कॅमेरा तेच करतो. तो धावत्या मोटारीसाठी केलाय. समोर जे हलत नाही ते आपलाच दोष समजून तो ते शून्य करतो. म्हणून तुम्हाला हलायचं नाही. तुम्ही उठलात की उरतं ते वजा माणूस. त्याला हे रोग म्हणतात. आणि गुरुजी स्वतः सारखे डुलतात, कारण थांबले तर त्यांचंही तेज शून्य होईल. विश्वास नाही ना बसत? बसवा त्यांनाच खुर्चीत!”

“बसा की गुरुजी!” काठी आपटत आजीबाई म्हणाल्या. “माझा गुडघा रात्रभर ठणकलाय. तुम्ही बसा आणि हलू नका!”

गुरू बसले नाहीत. धाकटीने किटली परत खुर्चीत ठेवली, ती पुसली जाईपर्यंत लोकांना थांबवलं, आणि मग कॅमेऱ्याच्या स्टँडला नुसता धक्का दिला. चित्र फाटल्यासारखं सरकलं आणि किटली लालभडक होऊन परत आली. भिंती, खुर्च्या, माणसं, सगळ्यांच्या काळ्या प्रतिमा पडद्यावर एकमेकांत घुसल्या. गुरूंची त्रेधातिरपीट उडाली. “यंत्र नादुरुस्त झालंय,” असं काहीतरी पुटपुटत ते मागच्या दाराकडे सरकले, आणि जाताना मात्र अजिबात डुलले नाहीत.

सगळे पटकन शहाणे झाले असं समजू नका. एक गृहस्थ बाहेर पडताना ठासून सांगत होते, “किटलीत श्रद्धा नव्हती, म्हणून चटका बसला.” पण आजीबाईंसह पुष्कळांनी त्याच संध्याकाळी पोलीस चौकीत जाऊन फसवणुकीची तक्रार दिली, आणि ताईने रुग्णालयात फोन केला. फोनवर सर्जनबाईंना ती स्पष्ट म्हणाली, “मी येतेय. पण मला भीती वाटते, तेव्हा माझ्याशी जरा प्रेमाने बोला.” पलीकडून सर्जनबाई म्हणाल्या, “बोलीन. चुकलंच माझं.”

शुक्रवारी गाठ निघाली. पुढचे उपचार लांबलचक आणि त्रासाचे होते. ताईचे केस गेले, तोंडाची चव गेली, चिडचिड वाढली. कोणाच्या हातवाऱ्यांनी काहीही पुसलं गेलं नाही, प्रत्येक दिवस सोसावा लागला. पण ती दुकानात परत आली. एका दुपारी कापड बेतत असताना भाऊजींनी बातमी आणली. शीतलगुरू जामिनावर सुटले होते आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला त्यांनी नवं सभागृह घेतलं होतं. आता नाव वेगळं, पडदा अधिक मोठा, आणि बाहेर रांग लागलेली.

ताईने कात्री खाली ठेवली आणि धाकटीला फोन लावला.

“किटली कुठाय गं?”

“कारखान्यातच. का?”

“घेऊन ये. थर्मास मी भरते. आणि या वेळी बोलणार मी.” तिने बोटांवरचा चटक्याचा डाग अंगठ्याने चाचपला. “तू ते ठिपके आणि हिशेब सांगत बसतेस, लोकांना झोप येते. मी एवढंच सांगणार आहे. पडदा खुशाल बघा, पण जो माणूस म्हणतो, बघा आणि हात लावू नका, प्रश्न विचारू नका, डॉक्टरला दाखवू नका, त्याच्यासमोरून आधी उठा. आपला हात आपला आहे. लावून बघा.”

धाकटी चहाच्या खोलीकडे निघाली. कपाटात निळी किटली होती, एका बाजूचा आणखी एक टवका उडालेली.